फी, तिकीट आणि खोली

१९१७ च्या सप्टेंबरात बडोद्याला आलेल्या एका तरुणाजवळ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. ची पदवी होती. लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून तो आला होता, आणि शहरात त्याला उतरायला जागा नव्हती. भीमराव आंबेडकरांना बडोदा सरकारने १९१३ साली तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. शिक्षण झालं की दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. तो पाळायला ते आले होते. हिंदूंच्या खाणावळीत थारा मिळणार नाही हे ठाऊक असल्यामुळे एका पारशी सराईत, पारशी नाव सांगून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. राहायला सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेले दहाबारा पारशी सराईत शिरले आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेले. शहरात दोन ओळखीची घरं होती, एक हिंदू मित्राचं आणि एक ख्रिस्ती मित्राचं. दोन्हीकडे सोय झाली नाही. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोवरचा वेळ आंबेडकरांनी कमाटी बागेत बसून काढला. ही बाग शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थानच्या महाराजांनी, सयाजीराव गायकवाडांनीच, शहराला दिलेली.

बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे आणि अस्पृश्यतेचा दाखला म्हणून तो नेहमी सांगितला जातो. तो तसा आहेच. पण सरकारी पैशाने होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा इतिहास लिहायचा झाला, तर त्याचं पहिलं पानही हेच आहे. संस्थानाने उदार हाताने शिष्यवृत्ती दिली आणि विद्यार्थी न्यूयॉर्कला पोचला. परतल्यावर संस्थानच्या नोकरीत त्याची नेमणूकही झाली. तो राहणार कुठे, हा प्रश्न मात्र कोणाच्याच कामाचा भाग नव्हता.

न्यूयॉर्कमधला हिशेब याच्या उलट होता. तिथे आंबेडकर प्रथम विद्यापीठाच्या हार्टले हॉलमध्ये राहिले, मग ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात, आणि नंतर लिव्हिंगस्टन हॉलमध्ये. तिथे त्यांच्या खोलीत नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी होता. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवल्यावर १९२० साली आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि उरलेली रक्कम भथेनांनी कर्जाऊ दिली. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत केव्हाच संपली होती. तिच्यातून मिळालेल्या खोलीतला शेजारी मात्र उपयोगी पडला. १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. आणि रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ हाती आला, त्यात त्या खोलीचाही वाटा आहे.

आजच्या व्याख्यानात शिष्यवृत्त्यांची यादी नाही, आंतरराष्ट्रीय करारांचाही आढावा नाही. विषय या खोलीचा आहे. सरकारं फी देतात, विमानाचं तिकीट देतात, निवड समित्या नेमतात. देवाणघेवाण प्रत्यक्षात घडते ती जेवणाच्या टेबलावर, जिन्यात, आजारपणात, म्हणजे विद्यार्थी जिथे राहतो तिथे. आणि नेमकं तेच खातं सर्वांत हलकं धरलं जातं.

मराठी मुलखाला हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. वारावर जेवून शिकलेल्या मुलांच्या कित्येक पिढ्या इथे होऊन गेल्या: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, रात्री देवळाच्या ओवरीत पथारी. जातीमुळे ज्यांना वारही लागत नव्हते आणि ओवरीही मिळत नव्हती, त्यांच्यापर्यंत विद्या पोचलीच नाही. हे शाहू महाराजांनी अचूक ओळखलं. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कोल्हापूरला वसतिगृहांचं माहेरघर म्हणतात ते यामुळे. भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकत असताना त्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले, परतल्यावर विटाळाची आंघोळ करायला नाही म्हणाले, आणि त्यांना आपलं वसतिगृह सोडावं लागलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. खोली गमावलेल्या याच मुलाने १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्याला सर्व जातींची मुलं एकाच छपराखाली राहतील असं बोर्डिंग त्याने उघडलं, आणि १९२७ साली गांधीजींनी त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. शिकवण्याआधी निवारा, हा क्रम भाऊरावांनी कधी उलटा केला नाही.

परदेशाच्या बाबतीत हा क्रम सरकारं शिकली ती भीतीपोटी. श्यामजी कृष्णवर्मांनी १ जुलै १९०५ रोजी लंडनच्या हायगेट भागात ६५, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू इथे इंडिया हाऊस उघडलं. मूळ कल्पना साधी होती. भारतीय विद्यार्थ्यांना लंडनमध्ये स्वस्त आणि अपमानाशिवाय राहता यावं. सोबत शिष्यवृत्त्याही होत्या. त्यांपैकीच एक घेऊन सावरकर १९०६ साली तिथे पोचले, टिळकांची शिफारस घेऊन. एका घरात वीसपंचवीस तरुण एकत्र जेवू-बोलू लागले की काय होतं, ते ब्रिटिश सरकारच्या लवकरच लक्षात आलं. १९०७ साली भारतीय विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी करायला सर विल्यम ली-वॉर्नर यांची समिती नेमली गेली. १९०९ साली माहिती कचेरी निघाली, टी. डब्ल्यू. अर्नल्ड तिचे शैक्षणिक सल्लागार झाले, आणि पुढे ही कचेरी २१, क्रॉमवेल रोडवर गेली. तिथे नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना काही दिवस उतरायला खोल्याही होत्या. विद्यार्थ्यांनी त्या जागेवर कधी पुरता विश्वास टाकला नाही. खोली देणारा आपल्यावर नजर ठेवतो आहे, ही शंका त्यांच्या मनातून गेली नाही. सरकारी आश्रय हवा, पण विद्यार्थ्याने त्याखाली दबून राहू नये, ही अडचण तेव्हापासूनची आहे. आजही ती मिटलेली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर या व्यवहारात मोठा पैसा आला, आणि तो कुठून आला हे पाहण्यासारखं आहे. अमेरिकी सिनेटर फुलब्राइट यांच्या कायद्यावर अध्यक्ष ट्रुमन यांनी १ ऑगस्ट १९४६ रोजी सही केली. युद्ध संपल्यावर परदेशांत पडून राहिलेलं अमेरिकी सैन्याचं सामान विकायचं, घेणाऱ्या देशाकडे डॉलर नसतील तर त्याच्याच चलनात पैसे घ्यायचे आणि ते विद्यार्थी-शिक्षकांच्या देवाणघेवाणीवर खर्च करायचे, अशी ती योजना. भारताशी करार झाला २ फेब्रुवारी १९५० रोजी. पुढच्याच वर्षी दुष्काळामुळे भारताने अमेरिकेकडून गव्हासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं, आणि त्या कर्जावरच्या व्याजातले पहिले ५० लाख डॉलर दोन देशांतल्या शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी राखून ठेवले गेले. गव्हाच्या व्याजावर भारतीय प्राध्यापक अमेरिकेला गेले आणि इथल्या ग्रंथालयांत पुस्तकं आली. नंतर पी. एल. ४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या धान्याच्या रुपयांतून १९६२ पासून अमेरिकी ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेतली जाऊ लागली. आजही शिकागोसारख्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मराठी कवितासंग्रह आणि ग्रामीण कादंबऱ्या रांगेने लागलेल्या दिसतात, त्यामागे हे गहू आहेत.

या पैशाचं फळ कधी दिसतं? याच्या उत्तरासाठी एकच आयुष्य पाहावं. अमेरिकेच्या मिनेसोटातली गेल ऑम्वेट ही तरुणी १९६३ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर इंग्रजीची शिक्षिका म्हणून भारतात आली आणि जेमतेम नऊदहा महिने राहिली. अहवालात त्या मुक्कामाची नोंद एका ओळीची झाली असेल. पण ती परत आली. महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर तिने बर्कले इथे प्रबंध लिहिला आणि १९७३ साली पीएच. डी. मिळवली. सत्यशोधक समाजाकडे जगाच्या अभ्यासविश्वाचं लक्ष वेधलं गेलं ते त्या कामामुळे. १९७६ साली भारत पाटणकरांशी लग्न करून सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात ती राहायला आली. तिथे सासूबाई इंदुताई पाटणकर होत्या, स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या. १९८३ साली गेल भारताची नागरिक झाली. दुष्काळग्रस्त, धरणग्रस्त, परित्यक्ता बायका यांच्या मोर्चांत ती मराठीतून बोलत चालली. २०२१ साली कासेगावातच तिने डोळे मिटले. पहिल्या नऊदहा महिन्यांचा खर्च अमेरिकी सरकारने केला आणि अठ्ठावन्न वर्षांनी त्याचा जमाखर्च मांडायचा, असा हा व्यवहार आहे. कोणत्याही अर्थसंकल्पाला इतका धीर नसतो. म्हणून हा धीर धोरणातच लिहून ठेवावा लागतो. दर पाच वर्षांनी 'किती विद्यार्थी गेले, किती आले' एवढंच मोजणाऱ्या कचेरीला गेल ऑम्वेट दिसणार नाही. आणि कासेगावात तिला घर मिळालं नसतं, तर ती आणखी एक चांगला प्रबंध लिहून परत गेली असती.

पुण्याची या साऱ्यात एक जागा आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ साली निघाली तेव्हा तिचं भारतातलं पहिलं कार्यालय डेक्कन कॉलेजात होतं. मराठी शिकायला आलेली अमेरिकी मुलं पुण्यातल्या घरांत पाहुणी म्हणून राहत आली आहेत. 'जेवलात का?' हा प्रश्न नमस्कारासारखा विचारला जातो, हे कोणत्याही क्रमिक पुस्तकापेक्षा लवकर त्यांना त्या घरांत कळतं.

दुसरीकडून सोव्हिएत मदत आली. १९५८ साली मुंबईची आय. आय. टी. युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत यंत्रसामग्रीवर आणि तज्ज्ञांच्या साहाय्याने सुरू झाली. पहिले शंभर विद्यार्थी वरळीच्या सस्मिरा इमारतीत बसले, आणि मग पवईचं रान साफ करून वसतिगृहं उठली. तिथला विद्यार्थी आजही आपली ओळख शाखेच्या आधी हॉस्टेलच्या नंबराने सांगतो.

आता तराजूचं दुसरं पारडं. मराठी मनात परदेशशिक्षण म्हणजे जाणं. आनंदीबाई जोशी बोटीने निघाल्या ते चित्र आपल्याला पाठ आहे. अमेरिकेतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखं घरात ठेवून घेतलं नसतं, तर फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयापर्यंत त्या पोचल्या नसत्या. हे मात्र तितकं आठवत नाही. इथे येणाऱ्यांची आठवण तर त्याहून कमी. केंद्राच्या उच्चशिक्षण सर्वेक्षणाप्रमाणे २०२१-२२ साली भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते, १७० देशांतले, त्यांत सर्वांत जास्त नेपाळचे. २०२४ साली परदेशात शिकणाऱ्या भारतीयांची संख्या १३ लाखांवर गेली होती. एक येतो तेव्हा पंचवीसहून अधिक जातात.

येणाऱ्यांसाठी सरकारी दार उघडलं ते लवकर. मौलाना आझादांनी १९५० साली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली आणि आशिया-आफ्रिकेतल्या नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांतली मुलं शिष्यवृत्तीवर येऊ लागली. नेपाळचे माजी पंतप्रधान बाबुराम भट्टराई कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर चंदीगडला वास्तुशास्त्र शिकले. अफगाणिस्तानचे माजी अध्यक्ष हमीद करझाई शिमल्याच्या विद्यापीठाचे विद्यार्थी. पण दार उघडलं म्हणजे घर मिळालं असं होत नाही. पुण्यातल्या एका प्राध्यापकांना हे एका खिडकीतून दिसलं. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून रोज कोणाला तरी डबा देते, हे त्यांनी पाहिलं. शिस्तीचा प्रश्न म्हणून ते चौकशीला गेले. आत मॉरिशसचा एक मुलगा काविळीने पडून होता आणि त्याची चौकशी करणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यातून १९७१ साली परदेशी विद्यार्थ्यांच्या सोबतीसाठी 'सिम्बायोसिस' सुरू झालं. मुजुमदार वनस्पतिशास्त्राचे, म्हणून नाव सहजीवनाचं. पुढे त्याची मोठी विद्यापीठं झाली, पण मुळात तो एक डबा होता.

तो डबा सरकारी योजनेत कुठे बसतो? सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीत अलीकडच्या वर्षांत पदवीच्या विद्यार्थ्याला महिना १८,००० रुपये निर्वाहभत्ता आणि मोठ्या शहरात ६,५०० रुपये घरभाडं धरलेलं आहे. पुण्यात कोथरूडला किंवा विमाननगरला ६,५०० रुपयांत स्वतंत्र खोली शोधून पाहावी. त्यातही घरमालकाला परदेशी भाडेकरूची माहिती चोवीस तासांत फॉर्म भरून पोलिसांना द्यायची असते. बरेच मालक त्या कटकटीपेक्षा नाही म्हणणं पसंत करतात. मुलगा आफ्रिकेतला असेल तर नकाराला फॉर्मचं निमित्तही लागत नाही. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांना मारहाण केली, तेव्हा दिल्लीतल्या आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी एकत्र निवेदन काढून हा वंशद्वेष असल्याचं म्हटलं. हे विद्यार्थी उद्या आपापल्या देशांत मंत्री, कुलगुरू, बँकांचे अधिकारी होतील. भारताबद्दल त्यांचं मत प्राध्यापकांच्या व्याख्यानांनी बनतं, आणि त्याहून अधिक दारात उभं राहून ऐकलेल्या 'जागा नाही'ने.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल पडलं. कोरोनामुळे घरी गेलेले, पुण्या-दिल्लीत नाव असलेले अफगाण विद्यार्थी तिथेच अडकले, कारण आधी दिलेले व्हिसा रद्द झाले. त्यांत मुलीही होत्या. नंतर दूरशिक्षणाच्या हजार शिष्यवृत्त्या जाहीर झाल्या. मदत खरीच होती. पण ज्या मुलीला घरात बसून शिकण्याचीही चोरी, तिला पडद्यावरची पदवी वसतिगृहातल्या खाटेची भरपाई कशी करणार?

आपल्या जाणाऱ्यांचीही गत फार वेगळी नाही. अनुसूचित जाती आणि अन्य वंचित गटांसाठीची केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. आज तिच्या १२५ जागा आहेत. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही २००३ पासून त्याच धर्तीवर चालते. दोन्हींत फी पूर्ण मिळते, ही मोठी गोष्ट आहे. पण ब्रिटनमधला निर्वाहभत्ता दीर्घकाळ वर्षाला ९,९०० पौंड राहिला, म्हणजे महिन्याला ८२५. लंडनमध्ये शिकणाऱ्याकडे महिन्याला १,३३४ पौंड असल्याचा पुरावा ब्रिटिश सरकार व्हिसासाठी मागत होतं, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो आकडा १,४८३ झाला. दोन सरकारांच्या आकड्यांमधली ही दरी विद्यार्थी भरतो: दुकानात रात्रपाळी करून, एका खोलीत चौघं राहून, गावाकडे वडिलांना उसनवारी करायला लावून. शिवाय २०२२-२३ च्या केंद्रीय नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज हे विषय राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून वगळले. १९१६ साली कोलंबियाच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी वाचलेला निबंध भारतातल्या जातींवर होता. हा नियम बदलला पाहिजे.

फ्रान्सने खोलीचं महत्त्व पहिल्या महायुद्धाच्या राखेतून ओळखलं. शिक्षणमंत्री आंद्रे होनोरा यांच्या पुढाकाराने पॅरिसच्या दक्षिण टोकाला विद्यार्थ्यांची एक वसाहतच उभी राहिली. पहिलं घर १९२५ साली उघडलं. आज तिथे चाळीसहून अधिक घरं आहेत, बरीचशी एकेका देशाने बांधलेली. १९६८ पासून भारताचंही आहे. तिथला नियम फार शहाणा आहे: आपल्या घरात सगळे आपलेच ठेवायचे नाहीत. प्रत्येक घराने ठरावीक वाटा दुसऱ्या देशांच्या विद्यार्थ्यांना द्यायचा आणि आपले तितके विद्यार्थी इतर घरांत पाठवायचे. त्यामुळे भारताच्या घरात ब्राझीलचा मुलगा राहतो आणि नाशिकची मुलगी मोरोक्कोच्या घरात.

पॅरिसमध्ये जे भारताला जमलं ते पुण्यात जमण्यासारखं आहे. राहण्यासाठी पैसा द्यावा लागतो हे राज्य सरकारने मान्य केलेलंच आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना २०१६-१७ पासूनच्या स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. सांस्कृतिक परिषदेचं घरभाडं, स्वाधारची रक्कम आणि विद्यापीठाची एखादी जागा यांची मोट बांधली, तर एक घर उभं राहू शकतं: निम्म्या खोल्या नंदुरबार, गडचिरोली, बीडहून आलेल्या मुलामुलींच्या, निम्म्या नेपाळ, टांझानिया, अफगाणिस्तान, येमेनहून आलेल्यांच्या. परदेशी भाडेकरूचा फॉर्म ऑफिसातला कारकून भरेल. रमजानात पहाटे तीनला स्वयंपाकघर उघडं असेल आणि एकादशीला साबुदाणा मिळेल. एक परिचारिका असेल, म्हणजे कावीळ झालेल्या मुलाला खिडकीतल्या डब्याची वाट पाहावी लागणार नाही. आणि खोल्या वाटताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. एका खोलीत दोन खाटा, एक इथल्या मुलाची आणि एक बाहेरून आलेल्याची, जशी लिव्हिंगस्टन हॉलमध्ये महूत जन्मलेल्या मुलाशेजारी भथेनांची होती.